रघुनाथ कोळंबे यांची साक्ष

“हा माणूस मला भेटलाच पाहिजे,” नाना म्हणाले आणि हातातलं कार्ड त्यांनी खिडकीच्या उजेडात धरलं. “काय वाक्य आहे. ‘घड पाहायचा तर वरच्या फणीकडं नका पाहू, शेवटच्या फणीकडं पाहा, सगळं कळतं.’ कुमुद, चौतीस वर्षं मी मराठी शिकवली, पण असं वाक्य माझ्या हातून काही उतरलं नसतं.”

मी समोरची कार्डं उगाचच सारखी करू लागले. कारण ते वाक्य रघुनाथ कोळंबे, वय साठ, केळी बागायतदार, मुक्काम तामसोडे, यांनी कधी उच्चारलेलंच नव्हतं. ते मी आमच्या स्वयंपाकघरात, भाजी निवडून झाल्यावर, पाटावर बसून रचलं होतं. आणि रघुनाथ कोळंबेही मीच रचला होता.

ही चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. जळगावात एका तेलाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत इंग्रजी-मराठी कोशाचं काम चाले. संपादक नाना खानापूरकर, निवृत्त हेडमास्तर, वय एकाहत्तर. मदतनीस मी, बी.ए. झालेली, बावीस वर्षांची, हंगामी. बाकी खोलीभर लाकडी खोके आणि त्यांत कार्डं.

नानांचा एक नियम होता आणि तो त्यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. ‘ऐकलेलं लिहायचं, आठवलेलं नाही.’ इंग्रजी शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक कार्ड. त्या कार्डावर मराठी शब्द, आणि त्या शब्दाचं एक वाक्य, जे त्या धंद्यातल्या माणसाच्या तोंडून आपण स्वतः ऐकलेलं असलं पाहिजे. खाली साक्षीदार म्हणून त्या माणसाचं नाव, आणि त्याच्या खाली संकलक म्हणून आपली सही. दुसऱ्या कोशांवरून शब्द उचलला की नाना म्हणत, “हा उष्टा आहे. ताजा आण.”

त्या महिन्यात आम्ही ‘हँड’ या शब्दाशी झटत होतो. मला वाटलं होतं, हात म्हणजे हात, दुपारपर्यंत उरकेल. तीन आठवडे गेले. घड्याळाचा हँड म्हणजे काटा, म्हणून मी सुभाष चौकातल्या घड्याळजीकडे जाऊन बसले. पत्त्यांतला हँड म्हणजे हाती आलेली पानं, त्यासाठी नाना स्वतः क्लबात गेले आणि तीन रुपये हरून आले. गिरणीतले हँड म्हणजे कामगार, जहाजावरचे म्हणजे खलाशी, एखाद्याचा हँड चांगला म्हणजे त्याचं अक्षर चांगलं, मोठा हँड द्या म्हणजे टाळ्या वाजवा, आणि मुलीचा हँड मागणं म्हणजे मागणी घालणं. त्यासाठी मी एका लग्नं जुळवणाऱ्या काकूंकडे गेले आणि परत येताना माझंच एक स्थळ घेऊन आले. इंग्रजांनी एका हातावर सगळा संसार भागवला आणि आपण दुकानागणिक नवा शब्द ठेवला, असं नाना म्हणायचे, आणि म्हणताना त्यांची छाती जरा पुढे यायची.

शेवटी राहिला केळ्यांचा हँड. म्हणजे घडातली एक फणी, केळ्यांची एक ओळ. हे तर आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यासाठी मी रविवारी सावद्याकडच्या एखाद्या बागेत जायचं ठरलं होतं. पण नेमके त्याच रविवारी ते काकूंचं स्थळ मला पाहायला आलं. भुसावळचा रेल्वेतला मुलगा, त्याची आई, दोन मावश्या. चहा, पोहे, माझं नाव, माझी उंची, मला भरतकाम येतं का. सगळे गेल्यावर बाबा म्हणाले, “नोकरी कायम झाली तर वर्षभर थांबू. नाही झाली तर वैशाखात उरकून टाकू.” माझी नोकरी कायम करायची की नाही हे कोशाच्या समितीच्या फेब्रुवारीतल्या बैठकीत ठरणार होतं, आणि समिती नानांच्या शब्दाबाहेर जात नव्हती.

सोमवारी कार्ड द्यायचं होतं. फणी शब्द खराच आहे, मग त्याला साक्षीदार कशाला हवा, असं मी स्वतःला समजावलं. कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी तामसोड्याची होती, आडनाव कोळंबे. तेवढ्या भांडवलावर मी माणूस उभा केला, वाक्य लिहिलं, खाली सही ठोकली. वाक्य मला स्वतःला इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

आणि आता नाना ते तिसऱ्यांदा वाचत होते.

एक अक्षर पुरं झालं की त्यातल्या एका साक्षीदाराच्या घरी शाल, नारळ आणि छापायच्या पानाचा कच्चा कागद घेऊन जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. ‘बी’ला ते एका सुईणीकडे गेले होते, ‘सी’ला शिंप्याकडे. ‘एच’ला कुणाकडे जायचं हे त्या दिवशी ठरलं. मी म्हटलं, “नाना, ते फार लांब आहे. एसटीचे धक्के सोसणार नाहीत तुम्हाला.” नाना म्हणाले, “त्या माणसासाठी मी बैलगाडीतूनही जाईन.”

गुरुवारी सकाळी आम्ही रावेरच्या एसटीत बसलो. नानांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत शाल. मी खिडकीशी. वाटेत मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. माझा सगळा भरवसा एका गोष्टीवर होता. तामसोड्यात रघुनाथ कोळंबे नावाचा माणूस नसेल, मग मी म्हणेन की गाव ऐकताना माझी चूक झाली असेल, आणि आम्ही परत फिरू. खोट्याला आणखी एक ठिगळ. त्या वेळी ते मला अगदी सोपं वाटत होतं.

फाट्यावर उतरलो. चहाच्या टपरीवर एक पन्नाशीचा माणूस पाय पसरून बसला होता. नाव डिगंबर, हे आम्हाला त्यानंच आधी सांगितलं आणि मग आमची चौकशी केली.

“रघुनाथ कोळंबे?” तो म्हणाला. “कोनता पाह्यजे? तीन हायेत. एक अजून पायन्यात झोके घेतो, एक मुंबईले हाये, आन एक मळ्यात हाये.”

“वय साठ,” नाना म्हणाले. “केळीची बाग आहे.”

“म्हनजे रघुआबा. चला, मी बी तिकडंच चाललो.”

पाय ओढत मी त्या दोघांच्या मागून चालू लागले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, आत गार अंधार, आणि पाटाचं पाणी खुळखुळत होतं. डिगंबर एकसारखा बोलत होता. शाल कशाची, नारळ कशाचा, हे त्यानं नानांकडून पाच मिनिटांत काढून घेतलं. “आबाचं नाव पुस्तकात? आबा शाळेत गेलाच नाही ना.” वाटेतल्या बागेत काम करणाऱ्या चौघांना त्यानं हाका मारून सोबत घेतलं. एकटे जाऊन एकटे फसलो असतो तर निदान गाजावाजा झाला नसता, पण आता वरातच निघाली.

रघुआबा बांधावर बसून विळ्याला धार लावत होते. काटक, काळे, डोक्यावर मळकी टोपी. नानांनी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा ते गडबडून उभे राहिले. नानांनी कच्चा कागद काढला, चष्मा पुसला आणि एखादा अभंग म्हणावा तसं ते वाक्य वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाले, “आबा, हे तुमचं वाक्य. कोशात तुमच्या नावानं छापणार आहोत.”

“हे मी सांगतलं?” आबांनी विचारलं.

“हो. आमच्या या कुमुदला. मागच्या रविवारी आली होती ना ती तुमच्याकडे.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला जन्मात कधी पाहिलं नव्हतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. आता ते नाही म्हणणार आणि इथेच, या चिखलात, माझं सगळं संपणार, हे मला दिसत होतं. आबांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग टोपी सारखी केली.

“सांगतलं असन,” ते म्हणाले. “म्हतारपनी ध्यानात नाही राहत.”

नानांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. त्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटले. देवानं नाही तर या म्हाताऱ्यानं सोडवलं. आता चहा होईल, आणि साडेबाराची गाडी मिळेल.

पण नाना हे जन्माचे मास्तर. “आबा,” ते म्हणाले, “आता मला दाखवा. शेवटच्या फणीवरून घड कसा ओळखायचा?”

आबांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. डिगंबर फसकन हसला.

“शेवटची फनी? आबा, शेवटची फनी तर तू कापून ढोरायले टाकतो.”

मागचे चौघेही हसायला लागले. त्यातला एक म्हणाला, “केयीच्या बागेत केस पिकले आन साहेबाले हे सांगतलं? अरे, छापलं तर पार फैजपूरपर्यंत लोक हसतील.”

“कामून रे आबा? ऊन लागलं का?”

“आजपासून आबाचं नाव शेवटची फनी,” डिगंबरनं जाहीर केलं.

गावात असं नाव एकदा चिकटलं की तिरडीपर्यंत निघत नाही. पुढं नातवंडांनाही त्याच नावानं ओळखतात. आबांनाही ते ठाऊक असणारच. सगळं आयुष्य ज्या कामात काढलं, त्याच कामावरून सगळे त्यांना परक्यांसमोर हसत होते आणि ते एका शब्दानंही म्हणत नव्हते की बाबांनो, मी हे बोललोच नाही. नवी शाल खांद्यावरून घसरत होती ती तेवढी त्यांनी वर ओढली. माझ्याकडे त्यांनी परत पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित मान खाली घालून तशीच उभी राहिले असते.

“ते वाक्य त्यांचं नाही,” मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकू गेला नाही. मी परत म्हणाले. या वेळी जरा जास्तच मोठ्यानं.

“ते वाक्य त्यांचं नाही. माझं आहे. मी यांना कधी भेटलेच नव्हते. यांना काही म्हणू नका.”

हसणं थांबलं. नानांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसायचे.

“मग तू कुणाला भेटलीस?” त्यांनी विचारलं.

“कुणालाच नाही. घरी बसून लिहिलं. नावही मीच घातलं.”

“या गावात आली होतीस?”

“आज पहिल्यांदा आले.”

नाना खाली बांधावर बसले. धोतराला चिखल लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, ते ओरडतील. वर्गात त्यांचा आवाज तीन खोल्या पलीकडे जायचा म्हणे. पण त्यांनी तो कच्चा कागद नीट घडी घालून खिशात ठेवला, आणि ते मला ओरडण्याहून जड गेलं. डिगंबर इकडेतिकडे पाहू लागला. हसणाऱ्या चौघांपैकी दोघे आपल्या कामाला परत निघून गेले.

आबांनी शाल काढली, तिची नीट घडी केली आणि ती नारळासकट नानांपुढे धरली. “हे वापस घ्या साहेब. मी काई सांगतलं नवतं.”

नानांनी शालीकडे पाहिलं. मग चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“नव्हतं सांगितलं,” ते म्हणाले, “पण आता सांगाल का?”

“इचारा ना. मी हाये ना इथंच.”

नानांनी पिशवीतून कोरं कार्ड काढलं. कोरी कार्डं त्यांच्या पिशवीत नेहमी असत, सासऱ्याच्या तेराव्यालाही ते ती घेऊन गेले होते असं त्यांची बायको सांगायची. आबा आम्हाला बागेत घेऊन गेले. एका झाडाशी उभे राहून त्यांनी घडाला खालून हात घातला आणि विळ्याच्या टोकानं दाखवत गेले. ही पहिली, ही दुसरी, या भरणाऱ्या. ही खालची बारकी, हिच्यात जोर नाही, आणि त्याखाली लोंबणारं हे केळफूल.

“खालची फनी आन फूल येळेवर कापलं,” आबा म्हणाले, “तं वरच्या फन्या भरतात. नाई कापलं, तं सारा घड बारीक राह्यतो.”

आणि त्यांनी खालची फणी सपकन कापून खाली टाकली. माझी ती प्रिय शेवटची फणी माझ्या पायाशी पडली, बोटाएवढी केळी, चिकानं ओली.

नानांनी ते वाक्य शब्दाला शब्द लिहून घेतलं. ‘तं’ कसा लिहायचा यावर थोडे अडले, मग ऐकला तसाच लिहिला. साक्षीदाराचं नाव विचारलं. “रघुनाथ लोटू कोळंबे,” आबा म्हणाले. “वय सदुसष्ट. साठ नाई.”

नाना पाटावर हात धुवायला गेले तेव्हा मी आबांजवळ गेले. “आबा, तुम्ही हो का म्हणालात?”

“तुह्या तोंडाकडं पाहून,” ते म्हणाले. “मले चार पोरी हायेत. वाटलं, हो म्हटल्यानं भागन. मले काय माहीत, तुहा साहेब इचारतच जाईन म्हून.”

निघताना त्यांनी पिकल्या केळ्यांची एक फणी माझ्या हातात दिली. शाल नानांनी परत त्यांच्या खांद्यावर घातली होती. डिगंबर आम्हाला फाट्यापर्यंत सोडायला आला, पण वाटभर एक शब्द बोलला नाही.

एसटी जवळजवळ रिकामी होती. नाना खिडकीशी बसले, मी शेजारी, केळी मांडीवर. फैजपूर गेलं. तापीचा पूल आला तरी ते बाहेरच पाहत होते. मी मनातल्या मनात राजीनाम्याचं पत्र लिहून काढलं होतं. वैशाखातली तारीख, भुसावळची रेल्वेची क्वार्टर्स, दोन मावश्या, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. त्याहून वाईट हे वाटत होतं की नाना यापुढे माझं प्रत्येक कार्ड उजेडात धरून पाहतील.

“आणखी किती?” नानांनी एकदम विचारलं. बाहेर पाहतच.

“एवढंच एक.”

“नक्की?”

“बाकी सगळी ऐकलेली आहेत, नाना.”

पूल संपला. मग त्यांनी पिशवीतून ते नवं कार्ड काढलं आणि पेनचं टोपण काढून दोन्ही माझ्यापुढे धरलं.

“सही कर. संकलक.”

“कार्ड तुम्ही लिहिलंय.”

“मी नुसतं लिहून घेतलं. सही कर.”

मला कळेना. मी पेन घेतलं नाही. “नाना, बैठक आहे ना पुढच्या महिन्यात...”

“आहे. मी आज झालं ते सगळं समितीला सांगणार. काही लपवणार नाही.” ते थांबले. एसटीनं एक खड्डा घेतला. “आणि सांगून झाल्यावर म्हणणार की हिला कायम करा.”

“का?”

नानांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. “तिथं तू बोललीस, तेव्हा तुला कुणी काही विचारलं नव्हतं.”

मी सही केली. धक्क्यांनी ती इतकी वाकडी आली की कुमुदचं कुसुम झालं असावं. मग मला रडू आलं, आणि ते थांबेना. पुढच्या बाकावरची बाई वळून पाहायला लागली, पण मला लाज वाटली नाही. छातीवर कुणी दगड ठेवावा आणि तो दुसऱ्यानं उचलावा तसं हलकं वाटत होतं.

“कार्ड इकडे दे आधी,” नाना म्हणाले. “शाई पसरेल.”

मी कार्ड दिलं. त्यांनी फुंकर घालून ते वाळवलं, पिशवीत ठेवलं. भुसावळ जवळ आलं तेव्हा ते जरा चोरटेपणानं म्हणाले, “वाक्य मात्र छान होतं गं तुझं. खोटं होतं, पण छान होतं. कुठं गोष्टीबिष्टीत घाल. कोशात माणसं खरी लागतात.”

मी डोळे पुसले आणि सकाळपासून पोटात काही नाही हे माझ्या ध्यानात आलं. भुसावळहून जळगाव येईपर्यंत मी त्या फणीतली सात केळी खाल्ली. नानांना मी एकच दिलं, आणि त्यांनी दुसरं मागितलं नाही.